बिनदुर्बिणीची बंदूक

आबा,

गेल्या वर्षी ऑगस्टात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी एका बंदुकांच्या दुकानात दोन तास उभी होते. तुम्ही असतात तर तुम्हाला हसू आवरलं नसतं. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. मी त्याच्याही आधीपासून अमेरिकेत आहे, बेचाळीस वर्षं. एका हॉस्पिटलच्या औषधखात्यात कुलपातल्या औषधांच्या किल्ल्या सांभाळल्या, निवृत्त झाले, नवऱ्याला पोचवलं, आणि आता बेलव्ह्यूला मुलाच्या घरापासून दहा मिनिटांवर एका फ्लॅटमध्ये एकटी राहते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर्सनी शिकवलेलं इंग्रजी अजून शाबूत आहे आणि जीभही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला 'मावशी' म्हणतात, पण जरा लांबूनच. तुम्ही चौथीपर्यंत मराठी शाळेत गेला होतात म्हणून हे मराठीत लिहितेय, सोप्या शब्दांत. रागावून लिहायला बसले होते. कागदावर पेन टेकल्यावर लक्षात आलं, की राग नाही, लाज आहे.

माझा मुलगा इथेच जन्मला. त्याला मराठी सगळं कळतं. बोलतो इंग्रजीच जास्त, मधे मधे मराठी पेरतो. कॉम्प्युटरच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे, चाळिशीला टेकलाय, दाढी ठेवतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या कुणा मित्रानं त्याला शिकारीचं वेड लावलं. मी पुष्कळ बोलले. तुझ्या बापानं जन्मात अंडं फोडलं नाही, म्हणाले. त्याच्यावर काही परिणाम नाही. मग एका रविवारी माझ्याकडे जेवायला आला आणि पोळी मोडता मोडता म्हणाला, "आई, आजोबांकडे मझललोडर होती ना? यू नो धिस स्टफ. माझ्याबरोबर दुकानात चल."

"ठासणीची म्हण," मी म्हटलं. "तोंडातून दारू भरून गजानं ठासतात, ती ठासणीची."

"येस, दॅट. कम विथ मी."

इथे हरणाच्या शिकारीचा हंगाम ठरलेला असतो, आबा. आधुनिक बंदुकीवाल्यांचा वेगळा, धनुष्यबाणवाल्यांचा वेगळा, आणि ठासणीच्या बंदुकीवाल्यांचा वेगळा. ठासणीवाल्यांच्या दिवसांत रानात गर्दी कमी असते. त्या बदल्यात सरकार म्हणतं, मग हत्यारही जुन्या चालीचंच आणा. जुन्या चालीचं म्हणजे काय, ते सांगायला एक पुस्तिका आहे. ज्या देशात ब्रेड भाजायच्या यंत्रावर बारा सूचना चिकटवतात, तिथे या पुस्तिकेची जाडी काय असेल ती तुम्ही समजा. मुलानं ती उघडलीसुद्धा नव्हती. मी रात्रीतून वाचून काढली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि पर्समध्ये घालून नेली.

दुकानदार साठीचा, पोट सुटलेला, तसा बरा माणूस. पण पहिली वीस मिनिटं तो फक्त मुलाशी बोलला. माझ्याकडे वळून एकदाच म्हणाला, "स्वीटी, तिकडे खुर्ची आहे, बसा हवं तर." मी त्याला सांगितलं, की मला स्वीटी म्हणायचा अधिकार असलेला एकच माणूस होता आणि तोही वारला. मुलानं कपाळाला हात लावला. दुकानदार मात्र हसला आणि म्हणाला, "येस मॅम." तेव्हापासून आमचं जमलं.

त्यानं आधी जी काढली ती नवी तऱ्हा. दिसायला थेट आजच्या रायफलसारखी, केप, म्हणजे दारूला ठिणगी देणारी टोपी, आत बंद पोटात बसते, वर बोटभर लांबीची दुर्बीण. मुलाचे डोळे चमकले. "धिस वन," तो म्हणाला. मी पुस्तिका उघडून वाचून दाखवलं. केप हवापाण्याला उघडी असली पाहिजे. नेम धरायची माशी धातूची, उघडी. दुर्बीण चालणार नाही, मग ती कितीही छोटी असो.

"आई, शेजारच्या स्टेटमध्ये चालते."

"मग शेजारच्या स्टेटमध्ये जन्मायचं होतंस."

दुकानदार म्हणाला, की मॅडम बरोबर आहेत, निम्मी गिऱ्हाइकं हेच चुकतात आणि मग रस्त्यात पकडली जातात. मग त्यानं आतून दुसरी आणली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, बाजूला बाहेर घोडा, घोड्याखाली केप बसवायचं टोचकं उघडं. आबा, मला क्षणभर तुमच्या ओटीवरच्या मेणाचा वास आला. केपेच्या कडेनं मेण फासायचात, दमट हवा आत शिरू नये म्हणून. मी बंदूक हातात घेतली, नळीचं तोंड वर धरलं, गज आत सोडला आणि कान दिला. तुम्ही तसंच करायचात. कुणी म्हणो रिकामी आहे, तुम्ही गज सोडून ऐकल्याशिवाय हातात धरायचा नाहीत. गज तळाला लागून खण्ण वाजला म्हणजे रिकामी, थप्प वाजला म्हणजे भरलेली. खण्ण वाजला. मग घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबून पाहिला. घोडा जागचा हलला नाही, म्हणजे खटका पक्का. "ही घे," मी म्हटलं. दुकानदारानं मला विचारलं, कुठे शिकलात? मी म्हटलं, वडिलांकडे. आणि मान अशी काही ताठ केली, की जसा काही तो माझा वारसा होता. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला ती दुसरी गोष्टही ठाऊक आहे. ठाऊक म्हणजे, मी जी सांगत आले ती.

ती गोष्ट मी त्याला किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. त्यानं गृहपाठाबद्दल थाप मारली की सांगायची. गाडीला पोचा पाडून गप्प बसला तेव्हा सांगितली. माझ्या हाताखालच्या मुली औषधं कमी भरली की सारवासारव करत, त्यांनाही इंग्रजीत सांगितली आहे. गोष्ट अशी: मी तेरा वर्षांची होते, बेळगावच्या बोर्डिंगमधून दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. वडिलांच्या बंदुकीचा परवाना शेताच्या राखणीपुरता होता. रानडुक्कर आपल्या शेतात शिरलं तर मारायचं, शेताच्या बांधाबाहेर बार काढायचा नाही. वडिलांनी भातात डुकरावर बार टाकला. ते जखमी होऊन ओढ्यापलीकडे सरकारी रानात पळालं. वडील मागोमाग गेले आणि तिथे दुसरा बार काढून त्याला संपवलं. दोन दिवसांनी फॉरेस्टचा गार्ड चौकशीला आला. वडील म्हणाले, शेतात मारलं. मग गार्डानं मला विचारलं, आणि सिस्टर्सनी शिकवलेली मी, मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं, ओढ्यापलीकडे. बंदूक जप्त झाली, परवाना गेला. आणि वडील माझ्यावर रागावले नाहीत. ते म्हणाले, खरं ते खरं.

इथे मी थोडी थांबायची, ऐकणाऱ्यानं माझ्याकडे बघावं म्हणून.

पुढचं मी सांगत नसे. डुकरांना कळतं, आबा, कुठल्या शेताला आता बंदूक नाही. त्या वर्षीच्या भाताचं काय झालं, आणि पुढल्या वर्षी तुम्ही डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी पेरायचीच सोडून दिलीत, हे मी गोष्टीत घेत नसे. रात्रभर डुकरं हाकायला रिकामा डबा बडवून बडवून तुमच्या उजव्या हाताच्या तळव्याला घट्टे पडले होते. जखमी जनावर रानात तडफडत सोडून येणं हे तुमच्या लेखी पाप होतं, म्हणून तुम्ही ओढा ओलांडलात, हेही मी घेत नसे. गोष्ट लांबते, असं मनाशी म्हणायची.

सप्टेंबरात मुलगा शिकारीला निघाला तेव्हा मीही गेले. डोंगर ओलांडून पलीकडे, जिथे पाऊस कमी आणि गवत पिवळं असतं, तिथे एका मोटेलात उतरलो. तो पहाटे जायचा, मी खोलीतल्या छोट्या शेगडीवर पिठलं करायची, पोळ्या घरून बांधून आणल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. गाडीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीत हरीण. मी बघितलं नाही. बघितली ती बंदूक. मी निवडलेली, अक्रोडाच्या दस्त्याची, आणि तिच्या पाठीवर दुर्बीण.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मोटेलच्या मालकिणीनं खिडकीचा पडदा सारला, यावरून समजा. तो ताडपत्रीची दोरी आवळत होता. मग म्हणाला, "आई, मला माशी दिसत नाही. ती ब्लर होते, यू नो? चाळीस झालो मी. पहिल्या दिवशी एक चान्स आला, मी मारलंच नाही. आय डिडन्ट वॉन्ट टू वुंड इट. दुर्बिणीतून नीट दिसलं. वन शॉट. ते जागेवर पडलं."

"मग घरी बसायचं," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम."

"आय नो," तो म्हणाला. "आय नो द स्टोरी."

त्यानं बारीक पेचकसानं दुर्बीण काढली आणि पलंगावर ठेवली. सामान भरताना ती मी उचलली. आबा, हे नीट लिहायला हवं. त्यानं मला सांगितलं नव्हतं. तो बाहेर हरणावर बर्फाच्या पिशव्या रचत होता. मी माझ्या हातानं ती दुर्बीण पंच्यात गुंडाळली, पोळ्यांच्या डब्यात तळाला ठेवली, वर उरलेल्या चार पोळ्या, झाकण, आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले.

घाट चढायच्या आधी रस्त्याच्या कडेला शिकार तपासायचा तंबू होता. शिकारखात्याचा पोरसवदा अधिकारी, गुळगुळीत दाढी केलेला, कमालीचा अदबशीर. परवाना बघितला, हरणाच्या कानाची चिठ्ठी बघितली, बंदूक मागितली. नळी पाहिली, केपेची जागा पाहिली, मान डोलावली. मग त्याचा अंगठा नळीच्या पाठीवर थांबला. तिथल्या दोन स्क्रूंची डोकी नव्यानं खरवडून चकचकीत झाली होती. त्यानं मुलाला विचारलं, सर, शिकारीच्या वेळी यावर दुर्बीण होती का?

मुलगा त्या स्क्रूंकडे बघत राहिला. त्याला खोटं बोलता येत नाही. तसं मीच त्याला वाढवलं. बंदूक जाणार, हरीण जाणार, परवाना जाणार, नावावर गुन्हा लागणार. न्यूयॉर्कच्या त्या टॉवरांच्या प्रकारानंतरची ही वर्षं, सावळा माणूस, दाढीवाला, गाडीत बंदूक. मी स्वतःला नंतर हेच कारण सांगून पाहिलं. कारण चांगलं आहे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात ते नव्हतं. तोंड उघडण्याआधी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं.

मी खिडकीची काच खाली केली. "यंग मॅन," मी माझ्या सर्वांत स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "ती बंदूक मी स्वतः निवडली आहे. तुमची पुस्तिका मी दुकानात ओळ न ओळ वाचून दाखवली. हवं तर दुकानदाराला विचारा, तो मला विसरलेला नसेल." हे सगळं खरं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. पांढरे केस, साडी, मांडीवर डबा. त्यानं विचारलं, म्हणजे दुर्बीण नव्हती, मॅम? आणि मी म्हणाले, "असली वस्तू या बंदुकीवर कधीच नव्हती."

माझा आवाज कापला नाही. हात डब्यावर होते, तेही नाही. त्यानं टोपीला हात लावला, "थँक यू, मॅम" म्हणाला आणि आम्हाला सोडलं. त्याचा माझ्यावर विश्वास बसला. माझ्यासारखी बाई खोटं बोलेल असं कुणाला का वाटावं? पन्नास वर्षं मी तेवढ्याचसाठी मान ताठ ठेवलेली.

घाट अर्धा चढेपर्यंत मुलगा आरशातून मागे बघत होता. मग त्याला हसू फुटलं. सुटकेचं हसू, वाईट नव्हतं त्यात काही. "वॉव, आई," तो म्हणाला. "यू वर अमेझिंग." आणि थोड्या वेळानं, रस्त्यावरची नजर न काढता, "आजोबांना त्या गार्डासमोर ही आई मिळायला हवी होती, नाही?"

तो थट्टा करत होता. मी "गाडीकडे लक्ष दे" एवढंच म्हणाले. डब्यातल्या पोळ्यांना बंदुकीच्या तेलाचा वास लागला होता. घरी आल्यावर त्या टाकून दिल्या.

तेव्हापासून झोप लागत नाही अशातला भाग नाही. लागते. पण ती गोष्ट मला आता सांगता येत नाही. मागच्या महिन्यात नातीनं शाळेतली काही तरी थाप मारली. सून म्हणाली, "आई, तिला सांगा ना ती तुमची स्टोरी." मी म्हटलं, घसा दुखतोय. सून वाफ घ्यायला पाणी गरम करायला निघाली. तेही नको म्हटलं.

कारण आबा, त्या सुट्टीत माझ्याबरोबर बोर्डिंगमधली माझी मैत्रीण आली होती, डॉक्टरांची मुलगी. पांढरे मोजे घालून ती आपल्या शेणानं सारवलेल्या खळ्यात उभी होती आणि मला मरणाची लाज वाटत होती. तिला दाखवण्यासारखं आपल्या घरात काय होतं? बंदूक. तीही तुम्ही खुंटीवरून काढू देत नव्हतात. म्हणून मी तुमच्या डबीतल्या दोन केपा चोरल्या आणि पाट्यावर ठेवून दगडानं फोडल्या. मोठा आवाज झाला. मैत्रीण किंचाळली, मग टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात तुम्ही आलात. वर्षाला मोजक्या केपा मिळायच्या परवान्यावर, आणि ठिणगी डोळ्यात गेली असती तर मी आंधळी झाले असते. हे मला आज कळतं. तेव्हा कळलं ते एवढंच, की तुम्ही माझा दंड धरलात, सगळ्या गड्यांसमोर, तिच्यासमोर, आणि म्हणालात, "इंग्रजी शिकान अक्कल येत नाय, चेडवा." आणि ती हसली. गडीही हसले. ती दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेली, आणि मी तुमच्याशी बोलले नाही. तीन दिवस. त्या तिसऱ्या दिवशी गार्ड आला.

तो ओटीवर बसला होता. तुम्ही सांगितलंत, डुक्कर शेतातच पडलं. त्यानं लिहून घेतलं. त्याचा विश्वास बसला होता की नाही कोण जाणे, पण आपल्याच बाजूचा माणूस होता, डुकरांनी त्याच्या घरचंही भात खाल्लं असणार. आईनं दिलेला गूळ त्यानं तोंडात टाकला, वर पाणी प्यायला, वही मिटली, पेन्सिल कानावर ठेवली, उठला आणि वहाणा पायात सरकवल्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघून थोडंसं हसलात, आता पुरे हा अबोला, असं. आणि मी बोलले.

"खरां ता खरां," तुम्ही म्हणालात. गार्डाला नव्हे, मला. आणि आत जाऊन खुंटीवरची बंदूक स्वतः काढून आणून दिलीत. गज सोडून, ऐकून, मग दिलीत.

पन्नास वर्षं मी सांगत आले, की त्यानं मला विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि मुलाला वाचायला द्यायचं तर तेवढं धैर्य नाही. पण निदान इथे तरी लिहून ठेवते. आबा, त्या गार्डानं मला काही विचारलंच नव्हतं.